इसहाकाची मोळी

प्रिय सुवार्ता,

आशीर्वाद. तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. चार ओळींचं पत्र आणि त्यात एकच सवाल: देवगावच्या चर्चमध्ये यंदा उत्तम शुक्रवारचं, म्हणजे गुड फ्रायडेचं, कीर्तन मी करू का, कमिटी म्हणते आधी अण्णांना विचार. मी उत्तर धाडलं नाही, म्हणून तू समजली असशील की म्हातारा अजून रुसलेलाच आहे. घशाच्या ऑपरेशननंतर माझा आवाज गेला, पण हट्ट काही डॉक्टरांना काढता आला नाही. बजाजनगरच्या या खोलीत मी पाटीवर लिहून बोलतो. तुझी आई ते वाचते, पदरानं पुसते आणि वर मलाच चार गोष्टी सुनावते.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून लिहितो. तुझे आजोबा फकिरा, निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षी, देवगाव रंगारीत पहिल्यांदा कीर्तनाला उभे राहिले. समोरच्या मंडळीत निम्म्यांना अक्षरओळख नव्हती. बायबलच्या जुन्या करारात जी नुसती छाया दिसते तिचं खरं रूप नव्या करारात येतं, हे त्यांना समजवायचं कसं? आजोबांनी तोड काढली. पूर्वरंगात इसहाकाची गोष्ट. देवाच्या सांगण्यावरून बाप अब्राहाम पोराला अर्पण करायला डोंगरावर नेतो आणि होमाची लाकडं त्या पोराच्याच पाठीवर देतो. म्हणून मंडळीतलं एक पोर बाभळीची मोळी घेऊन दारापासून वेदीपर्यंत चालायचं. उत्तररंगात आजोबा तीच मोळी सोडायचे, त्यातले दोन दांडके त्याच दोरीनं उभे-आडवे बांधायचे आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर क्रूस तयार व्हायचा. पुढं तीस वर्षं, बजाजनगरच्या कंपनीतून रजा काढून, मी तेच केलं. एकही छाया सोडली नाही. तिसऱ्या दिवशी दिसलेला डोंगर सांगितला, काट्यांत शिंगं अडकलेला आणि शेवटी इसहाकाच्या जागी अर्पण झालेला मेंढा सांगितला, त्यावरून येशूचा काट्यांचा मुकुट सांगितला. ही गोष्ट माझ्याइतकी कुणाला कळली नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

तू नऊ वर्षांची होतीस. त्या वर्षी मोळी नेणारा पोरगा तापानं फणफणला आणि मी काही म्हणायच्या आत तू ती उचललीस. कमिटीवाले एकमेकांकडं बघायला लागले, कारण आजवर मुलीनं मोळी नेली नव्हती. अर्ध्या वाटेत, बायकांच्या सतरंजीपाशी तू थांबलीस, मोळी आईपुढं ठेवलीस आणि भर मंडळीत विचारलंस, "अण्णा, इसहाकाच्या आईला इचारलं व्हतं का?" बायका पदराआड हसल्या. माझा ठेका चुकला. उत्तररंग मी असा गुंडाळला की क्रूस ढिला बांधला गेला आणि एका अंगाला कलला. परतीच्या एसटीत तुला आईपाशी सोडून मी पुढच्या बाकावर जाऊन बसलो. तू माझ्यामागं टाळ धरून उभी राहायचीस, तेही त्या दिवसापासून बंद केलं.

आठवड्यानं जेवायला वाढताना तुझी आई म्हणाली, "पोरीनं काय वाईट इचारलं? तुमी तरी मला कवा इचारलं? गाव सोडलं तवा नाय, पोरीच्या हातातला टाळ काढला तवा बी नाय." मी खाली मान घालून भाकरी खाल्ली.

आता खरं सांगतो. मागच्या रविवारी कन्नडला तू कीर्तन केलंस तेव्हा मी तिथं होतो. मफलर गुंडाळून शेवटच्या खांबाआड बसलो होतो. चुका काढायला आलो होतो, लपवत नाही. आणि तू पूर्वरंगात डोंगर चढलीच नाहीस, थेट इसहाकाच्या आईच्या, साराच्या तंबूपाशी थांबलीस. सकाळी ती बाहेर येते. गाढव जागेवर नाही, पोरगं अंथरुणात नाही, लाकडांचा ढीग कमी झालेला, आणि कुणी तिला काही सांगितलेलं नाही. मग उत्तररंगात क्रूसापाशी उभी येशूची आई मरिया. एकीला न सांगता लेक नेला, दुसरीला सगळं डोळ्यांनी पाहावं लागलं. साराचा लेक परत आला, मरियेला येशू पुन्हा उठला त्या तिसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागलं. तीस वर्षं मी त्या गोष्टीत लाकडं मोजली, काटे मोजले, पण आईची छाया मला कधी दिसली नाही. ती तुला नवव्या वर्षी दिसली होती. पोरी, मी चुकलो होतो. शेजारच्या बाईनं डोळे पुसत मला विचारलं, "कुनाची पोर म्हनायची ही?" सांगायला आवाज नव्हता. मी माझ्या छातीवर हात थोपटला, तिला कळेपर्यंत थोपटत राहिलो. एवढा अभिमान मला माझ्या कुठल्याच कीर्तनाचा वाटला नाही.

काल कमिटीचे तात्यासाहेब माझं मत विचारायला आले होते. मी पाटीवर लिहिलं, सुवार्ता उभी राहील. तेव्हा यंदाचं कीर्तन तुझं. आजोबांचे टाळ या पत्रासोबत धाडतो आहे. मोळी न्यायला कुठलं पोर शोधू नकोस, ती मी उचलणार आहे. सत्तरीच्या इसहाकाला लोक हसले तर हसू देत. बायकांच्या सतरंजीपाशी मी थांबेन, मोळी तुझ्या आईपुढं ठेवेन, आणि ती व्हय म्हणाली तरच पुढं येईन. तोवर तू ठेका सोडू नकोस. आज सकाळी मी तिला पाटीवर लिहून विचारलं, "मोळी नेऊ का?" तिनं वाचलं आणि पहिल्यांदाच पुसलं नाही. पाटी फळीवर उभी करून ठेवली आहे, मला हात लावू देत नाही. म्हणून आता तिच्याशीही मी या पत्रासारखं कागदावरच बोलतो आहे.

तुझाच,
अण्णा