सेट झालेली नात

प्रिय ठकू,

अक्षर शेजारच्या नर्सबाईंचं, बोल माझे. मी अंगठेबहाद्दर, पण जीभ अजून शाबूत आहे. फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. अगं, तुझा फोन आला की तुझा बाबा स्पीकर लावतो, तुझी आई येऊन बसते, आणि मी तोंड उघडलं की तू म्हणतेस, ‘आजी, मी इथे मस्त सेट आहे.’ झालं, बोलणं संपलं. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

तुमचा तो सेट मला काही उमगला नाही बाई. माझ्या नव्या दातांचाही सेट. डॉक्टर म्हणतो, सेट व्हायला वेळ लागेल. तोवर तो वाटीत बसून मलाच हसतो. तुझी आई लग्नाला जायचं म्हटलं की केस सेट करते. सहातला एक कप फुटला, तर सेट गेला म्हणून उरलेले पाच माळ्यावर. नर्सबाईंकडे सलाईनच्या नळीलाही सेटच म्हणतात. आणि बाबा भेटेल त्याला सांगतो, लेक सेट झाली. दिवसभर घरात मी आणि फ्रिज, त्यात तोच जास्त बोलतो. मग मी असे शब्द चिवडत बसते.

परवा तू फोनवर खोली दाखवलीस. सगळे नवे पडदे बघत होते, मी पलंग बघत होते. जन्मभर लॉजच्या खोल्या आवरल्या मी. चादर बघून सांगते किती माणसं झोपली. सुरकुत्या एकाच बाजूला. दुसरी उशी कोरी. खुंटीला तुझा एकटीचा कोट, बॅग दाराशी, अर्धी भरलेली. आणि तू म्हणालीस, जावईबापू ऑफिसात. रविवारीसुद्धा? एवढं काम देवालाही नसतं गं.

म्हणून हे पत्र. तू वेगळी राहतेस, हे मला कळलंय. कोण चुकलं ते विचारणार नाही. नर्सबाईंच्या पोटात गोष्ट राहते, काळजी नको. एकटेपणाची मला सवय झाली, तुला ती लागू नये. बाबाला सांगायला तुझी जीभ रेटत नसेल, तर मी सांगते. करील थोडी आदळआपट. तू नुसतं हो म्हण. काल माझ्या खोलीत दुसरी खाट टाकून घेतली. बाबाने विचारलं, कुणासाठी? म्हटलं, माझे पाय लांब झालेत. हसला बिचारा. तू ये. मी घोरते, तेवढं मात्र सांभाळून घे.

तुझीच, वाट बघणारी
आजी