जयवंताचं जाळं

नागपूर, ता. १९ जुलै १९८४

चि. सौ. इंदूस बाबांचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. तुझा भाऊ जयवंता स्वतःच दारात उभा राहील आणि मग लिहू, असं रोज म्हणत होतो. मुकादमानं त्याला मासेमारीला गुजरातेत नेतो म्हणून नेलं होतं. काल त्याचा सोबती मार्तंड बोटीवरून पळून सावनेरला आपल्या घरी आला. तो सांगतो, बोट तुमच्याच रत्नागिरीच्या बाजूला आहे. पोरांना किनाऱ्यावर उतरू देत नाहीत, घरी जातो म्हटलं की मारतात. आणि या पावसात, बंदी असताना, चोरून समुद्रात नेतात! अगं, मासळी अंड्यावर असते म्हणून आपण अंबाझरी तलावावरही जाळं गुंडाळून ठेवतो. समुद्र तर मी पाहिलेलाही नाही. शेजारची प्रयागबाई म्हणते, काहून एवढा घोर करून राहिला गा? तिले काय जाते म्हणायले! जावईबापूंना घेऊन शोध. एकटी जाऊ नकोस. छत्री ने.

तुझा बाबा, दादाजी

रत्नागिरी, ता. १४ ऑगस्ट १९८४

ती. बाबांस सौ. इंदूचा शि. सा. न.

जयवंता माझ्या घरी आहे. एवढं वाचून आधी पाणी प्या.

ह्यांनी दोनदा बंदर पालथं घातलं, बोट दिसेना. पण नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय इथं कोणी बोट हाकत नाही. त्या बोटीच्या मालकालाही पूजेला धक्क्यावर यावंच लागलं. सगळ्या बोटी नव्या रंगात, हिचाच रंग खाऱ्या पाण्यानं खाल्लेला. पावसाळाभर अंड्यावरची मासळी कोणी चोरली, ते मासेमार बायकांनी तिथंच ओळखलं. त्यांनी बोटीचा दोर धरला, तो पोलीस येईपर्यंत सोडला नाही. मुकादम ओरडत होता, याची उचल फिटली नाही. एक म्हातारी म्हणाली, उतर रे पोरा, बघू कोण अडवतो ते. जयवंता उतरला.

हात दोरानं कापलेत, पण जेवतो. भात नको, भाकर दे म्हणतो. दुसऱ्या बोटीवर अजून पोरं अडकलीत, त्यांच्यासाठी जबानी देऊनच येईन म्हणतो. तुम्ही हो म्हणाल ना?

तुमची इंदू

नागपूर, ता. २१ ऑगस्ट १९८४

चि. सौ. इंदू व चि. जयवंता यांस आशीर्वाद.

पाणी प्यायलो. दोनदा.

जयवंता, तुला आजच डोळ्यांनी पाहावं असं वाटतं, खोटं कशाला बोलू? पण त्या पोरांचे बापही असेच पोस्टमनची वाट पाहत असतील. जबानी दे, मगच ये. जावईबापूंना सोबत ठेव. हाताला हळद लाव. गाडीच्या दारात उभा राहू नकोस.

तुझं जाळं उंदरांनी कुरतडलं होतं, ते मी विणून ठेवलं. अंबाझरीवर सगळ्यांनी जाळी टाकली तरी ते कोरडंच राहील. पाण्यात पहिल्यांदा तूच टाकायचं. कधी येतोस, तेवढ्या दोन ओळी लिहा रे. लवकर लिहा.

वाट पाहणारा,
बाबा