मला कुणीही वाचवलेलं नाही

कारिगमोर,
२४ ऑगस्ट

आदरणीय डिंफनाताई,

तुझं नवं कमरेचं हाड आणि तुझा जुना स्वभाव, दोन्ही शाबूत असतील अशी आशा करते. (स्वभावाबद्दल मला शंका नाही.) लीड्सला ऊन पडतंय का, ती शेजारीण अजून पहाटे ट्रम्पेट वाजवते का, डॉक्टरांनी लोणी खायची परवानगी दिली का, हे सगळं सवडीनं कळव. माझी तब्येत उत्तम आहे. हे वाक्य मी ठळक अक्षरांत लिहिलं असतं, पण अक्षर ठळक केलं की लोकांना वाटतं बाई चिडली आहे. बाई चिडलीच आहे, पण तब्येत उत्तम आहे.

गेल्या रविवारचं चर्चचं पत्रक कुणा भल्या माणसानं तुला पाठवलं असेलच. आपल्या गावात भली माणसं फार. त्यात फादर लॉर्कननी छापलंय की 'पंधरा ऑगस्ट रोजी समुद्रात संकटात सापडलेल्या एका वयोवृद्ध महिलेस, तसेच तिला वाचवण्यासाठी पाण्यात उडी घेणाऱ्या दोन सद्‌गृहस्थांस सुखरूप परत आणल्याबद्दल परमेश्वराचे आभार'. ताई, या वाक्यात परमेश्वर सोडला तर एकही गोष्ट खरी नाही. वयोवृद्ध महिला म्हणजे मी. सद्‌गृहस्थांपैकी एक आपला धाकटा भाऊ फिंटन. आता तूच विचार कर.

झालं ते असं. पंधरा ऑगस्टला मरियामातेच्या स्वर्गारोहणाच्या, म्हणजे असम्प्शनच्या, सणाला समुद्रात तीन बुड्या मारायच्या, म्हणजे वर्षभर सांधे कुरकुरत नाहीत, हे तुला मी सांगायला नको. त्यातून तो माझा वाढदिवस, म्हणून तर आईनं माझं नाव असम्प्टा ठेवलं. बहात्तर वर्षांत मी ही बुडी तीनदाच चुकवली आहे, त्यातल्या एका वर्षी मी जन्मले होते. पण हल्ली किनाऱ्यावर जायची सोय उरलेली नाही. तिथे शहरातली मंडळी टाचेपर्यंत लोळणारे मऊ झगे घालून येतात, घोटाभर पाण्यात उभी राहून किंचाळतात, फोटो काढतात आणि आपल्या मनाला कशी शांती लाभली ते एकमेकांना ओरडून सांगतात. म्हणून मी फिंटनच्या होडीतून जायचं ठरवलं. होडी नांगरून खोल स्वच्छ पाण्यात उतरायचं, तीन बुड्या, थोडं पोहणं, वर येऊन चहा. यात न जमण्यासारखं काय आहे?

फिंटन आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यानं ही शिडाची होडी घेतली, तिला बायकोचं नाव दिलं (बर्नडेट त्या होडीवर एकदाही चढलेली नाही, मला ती नेहमीच शहाणी वाटत आलीय) आणि तीन दिवसांचा सुरक्षिततेचा वर्ग केला. तेव्हापासून तो माणूस राहिला नाही, नियमावली झाला. त्यानं अकरा कलमं छापून प्लास्टिकमध्ये घातली आहेत. होडी बेटाच्या आडोशाला नांगरली, पाणी चौदा अंश, वारा नाही, सील खडकावर पडून आमच्याकडे बघताहेत, आणि मी पोहण्याच्या कपड्यांत काकडत उभी. का? तर कलम एक: नांगर म्हणजे काय.

त्याच्याबरोबर मॅलकी होता. निवृत्त दंतवैद्य. तो कशालाही 'दुखणार नाही' म्हणतो, त्यामुळे त्याच्यावर कुणाचा विश्वास नाही. फिंटननं त्याला प्रत्येक कलम मोठ्यानं वाचायला लावलं. एक कलम वाचायचं, ते पार पाडायचं, मग पुढचं. सहावं कलम होतं, होडीच्या मागे तरंगती दोरी सोडणे, तिच्या टोकाला ती तरंगत राहावी म्हणून बोया बांधणे. सोडली, बांधला. मॅलकीनं 'कलम सात' एवढं म्हटलं आणि होडीतल्या रेडिओवर देवदूताच्या प्रार्थनेची बाराची घंटा सुरू झाली.

आता घंटा झाल्यावर आपण काय करतो? उभे राहून प्रार्थना म्हणतो. सिस्टर पर्पेच्युआच्या वर्गात घंटेच्या वेळी उगाच हललेली मुलगी संध्याकाळपर्यंत कोपऱ्यात उभी असे. मी फिंटनला म्हटलं, "टोपी काढ." त्यानं ती कॅप्टनची टोपी काढली, मॅलकीनं चष्मा काढला (का ते देवाला ठाऊक), आणि आम्ही तिघांनी सगळी प्रार्थना म्हटली. (रेडिओचा आवाज मीच वाढवला होता हे खरं आहे. थंडीनं मी निळी पडत चालले होते आणि फिंटनला गप्प करू शकेल असा देवदूताशिवाय कुणी जवळपास नव्हता.) 'आमेन' झाल्यावर मॅलकीनं चष्मा लावला आणि वाचलं, "कलम आठ. एक माणूस सदैव होडीवर राहील." तो एक माणूस आपण, असं त्यानं स्वतःच जाहीर केलं. मी आणखी काही ऐकायच्या आत बाजूनं पाण्यात शिरले.

ताई, काय पाणी होतं! पहिल्या क्षणी श्वास पळून जातो, मग तोच ओशाळून परत येतो. मी तीन बुड्या मारल्या, एक आईची, एक तुझ्या हाडाची, एक माझी. मग निवांत पोहायला लागले. (आठवतं ना, कॉन्व्हेंटमध्ये तलाव नव्हता म्हणून आपल्याला वर्षभर बाकावर पालथं पाडून पोहायला शिकवलं होतं? माझा हात अजून तसाच पडतो, अगदी शिस्तीत, शेजारच्या बाकाला न लागता.) इतक्यात फिंटन रबरी सूट घालून पाण्यात उतरला. नांगर तळाशी नीट रुतलाय की नाही हे कप्तानानं स्वतः बघायचं असतं म्हणे. तो सूट त्यानं दोन ख्रिसमसांपूर्वी घेतला होता आणि मधल्या काळात तो जेवत होता. तो बुडेना, वळेना, पाठीवर पडून गोल फिरायला लागला आणि ओरडला, "पोटरी! पोटरी!"

मॅलकी वरून म्हणाला, "घाबरू नकोस, दुखणार नाही," आणि कपड्यांसकट उडी मारली. कलम आठ त्यानं स्वतः वाचून चार मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

मी फिंटनची पोटरी चोळली. (लहानपणी मी त्याची चोळत होते, आताही मीच. पत्रकात याचा उल्लेख नाही.) मग आम्ही तिघं होडीच्या मागच्या बाजूला आलो आणि वर बघितलं. शिडी वर होती. दुमडलेली, घट्ट बांधलेली, वेदीवरच्या मेणबत्तीसारखी सरळ उभी.

मग मॅलकीनं विचारलं, "शिडी कुणी सोडायची होती?"

"कलम सात," फिंटन म्हणाला.

"कलम सात झालंच नाही. आपण प्रार्थना म्हणत होतो," मी म्हटलं.

"म्हणजे तुझ्यामुळे!"

"माझ्यामुळे? घंटा मी वाजवली?"

"तू आवाज वाढवलास!"

"आणि तू अकरा कलमं लिहिलीस! माणूस आधी शिडी सोडतो रे, मग निबंध लिहितो!"

सील एव्हाना पाण्याच्या कडेपर्यंत आले होते, भांडण नीट ऐकू यावं म्हणून.

होडीचा काठ हाताला लागत नव्हता. या दोघांचे ओठ जांभळे पडले होते आणि दोघांनी मिळून एक उपाय सुचवला, तो म्हणजे ओरडणं. तेव्हा विचार मी केला. अडतीस वर्षं मी पोस्टात पार्सलं बांधली आहेत. ऑस्ट्रेलियापर्यंत गेलेली माझी गाठ सुटल्याची एक तक्रार नाही. ती तरंगती दोरी ओढून घेतली, होडीजवळ तिला पाय मावेल एवढा फास बांधला, एक पाय फासात घातला आणि दुसरा फिंटनच्या डोक्यावर. (त्या सूटमुळे तो छान तरंगत होता. त्याचा तेवढा एक उपयोग झाला.) हात कठड्यावर पडला, पोट काठावर आलं, आणि मी फिंटननं शिडीला मारलेली ती दिव्य गाठ सोडवायला घेतली. एक मिनिट, ताई. आणखी एकच मिनिट मिळायला हवं होतं.

पण वर कड्यावर पक्षी बघायला आलेली एक बाई होती. तिनं दुर्बिणीतून बघितलं आणि एक म्हातारी दोन पुरुषांना पाण्यात बुडवते आहे, असं फोन करून कळवलं. लगेच गावातल्या स्वयंसेवकांची बचावनौका आली. तिच्यावर कोण? डोनका प्लंबर. माझा बॉयलर नोव्हेंबरपासून बंद आहे, त्याला यायला सवड नाही. पण मला कठड्यावरून उपटायला हा माणूस अकरा मिनिटांत हजर! मी सांगत होते, "अरे, मी वर चढतेय, मला नाही, त्यांना घे." तो म्हणाला, "हो हो आजी, आता सगळं ठीक होईल," आणि मागून कमरेला धरून मला खाली काढलं. खाली, ताई! मी वर पोचत आले होते. मग ख्रिसमसच्या टर्कीसारखं चंदेरी कागदात गुंडाळून धक्क्यावर आणलं. धक्क्यावर अर्धं गाव.

तेव्हापासून वाण्याकडे जावं तर तो माझ्या खांद्यावर हात ठेवतो. आणि फिंटन? कुणी विचारलं की तो खाली बघून म्हणतो, "कुणीही हेच केलं असतं." काय केलं असतं? पायाखालची पायरी झाली असती? पत्रकात दुरुस्ती छापा म्हणून मी फादर लॉर्कनकडे गेले, तर ते म्हणाले, "असम्प्टा, कृतज्ञता हाही एक सद्‌गुण आहे."

हेही मी गिळलं असतं. पण फिंटननं आता बारावं कलम लिहिलंय. सत्तरीपुढच्या कुणीही नांगरलेल्या होडीतून पाण्यात उतरायचं नाही. मी होडीत बसायचं, मांडीवर कांबळं घ्यायचं, आणि बादलीनं समुद्राचं पाणी काढून तो माझ्या पायांवर ओतणार. बादली! सप्टेंबरचं पाणी वर्षातलं सगळ्यात चांगलं, चार रविवार हातात आहेत, आणि मी बादलीत पाय घालून बसू? माझे सांधे बारा महिने त्या पाण्यावर चालतात. ते बंद झालं की मी खुर्चीत बसणार, आणि एकदा खुर्चीत बसलेली बाई पुढे कुठे जाते ते तुला नर्स म्हणून माहीत आहे.

बाकी सर्व क्षेम. लोणी जपून खा.

तुझी धाकटी बहीण,
असम्प्टा

ता. क. मी फारच भांडले तेव्हा फिंटन कुत्सितपणे म्हणाला, "तुझ्यावर लक्ष ठेवायला घरातलं कुणी मोठं माणूस बरोबर असेल तर खुशाल उतर." मी ते लगेच त्याच्याच प्लास्टिकवर त्याच्याकडून लिहून घेतलं. माझ्यापेक्षा मोठं घरात आता एकच माणूस उरलंय. होलीहेडहून इकडे यायला शुक्रवारी रात्रीची बोट आहे. धक्क्यावर मी येईन.

ता. क. दुसरा. हे फिंटनजवळ बोलायचं नाही. फास बांधला तेव्हा माझी बोटं मला दिसत होती, पण ती माझी वाटत नव्हती. गाठ तीनदा चुकली. चौथ्यांदा चुकली असती तर काय, हे मी रोज रात्री मोजते, आणि डोनकाचे हात कमरेला लागले तेव्हा मी ओरडले खरी, पण त्याचा दंड सोडला नव्हता. तरीही मला उतरायचंय, ताई.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. तू पाण्यात यायची गरज नाही. वर बसून वेळेवर "पुरे झालं गं, निघ आता" एवढं म्हणायचं. फिंटननं म्हटलं तर मी हटकून आणखी लांब जाते. तू म्हटलंस तर येईन. बहुधा.