निकटवेध या शब्दाची दुरुस्ती

मी, खाली सही करणारा, वय त्रेपन्न, धंदा वार्ताहराचा, शिक्षण संस्कृताचे (त्याचा पुढे उपद्रव झाला), लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. गोळी कमरेत आहे. उद्या सकाळी ती काढणार. ती मोठ्या रक्तवाहिनीला टेकली आहे, वाचलात तर वाचलात, असे डॉक्टरीणबाई म्हणतात. म्हणून हे आजच.

एक. राहते घर धाकट्या बहिणीला. तिच्या नवऱ्याने माझ्या खुर्चीत बसू नये. तो बसला की खुर्ची करकरते, आणि तिला दाद म्हणून तो बोलू लागतो.

दोन. कोश व व्याकरणाची पुस्तके शाळेला. माझ्या हातून त्यांचा दुरुपयोग झाला, तो असा. तीन वर्षांपूर्वी खाणीच्या फाटकापाशी संपकरी जमले होते. आमचा छायाचित्रकार माझ्यापुढे गुडघ्यावर बसला होता. "दादा, सावली पाडू नका हो," म्हणाला, आणि त्याच्या मानेतून रक्ताची चूळ माझ्या सदऱ्यावर आली. तीच गोळी माझ्यात शिरली. मी त्याची मान दोन्ही हातांनी आवळून धरली. तो माझ्या बोटांमधून वाहून गेला. वीस पावलांवर एका शिपायाने त्याच क्षणी हवेत बार काढला होता. जमावाने त्याला पाडून उजव्या हाताची बोटे दगडाने ठेचली. मी पडल्या पडल्या पाहत होतो, आणि मला बरे वाटत होते.

मग मी बातमी लिहिली: मानेला दोन्ही बाजूंनी बोराएवढेच भोक, म्हणजे गोळी भरधाव, म्हणजे जवळून. त्याला शब्दही पाडला, 'निकटवेध'. निकालपत्रात तो सात वेळा आला. शिपायाला जन्मठेप झाली.

तीन. माझे घड्याळ बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना. क्ष-किरणाची फिल्म उजेडात धरून ते हसले होते.

"निकट कुठलं, साहेब? शिपायाची गोळी नाकापर्यंत तांब्याच्या कवचात, टोकदार. वीस पावलांवरून ती तुम्हां दोघांना पार करून मागच्या भिंतीत गेली असती. ही तुमच्यातच मुक्कामाला राहिली. दमून आलीये."

"मग मान कशी फाटली नाही?"

"शिकारीची असणार. तिचं नाक उघडं, शिशाचं. वेगात लागली की फुलते, मुठीएवढं भगदाड पाडते. लांबून येऊन वेग सरला, की फुलत नाही. नुसती टोचत जाते."

फुलते! हे क्रियापद मी आजवर कमळांसाठी राखून ठेवले होते. खाणीच्या फाटकापासून आठशे पावलांवर टेकडी आहे, टेकडीवर खाणमालकाचा बंगला, आणि शिकारीची रायफल त्या भागात त्याच्याच भिंतीवर.

काल शिपायाची बायको आली. "चुकलं म्हणून सांगा ना कोर्टाला."

"सांगितलं, वहिनी. शब्द मागे घेऊन भागत नाही. वस्तू हवी म्हणतात."

"मग काढा ती वस्तू," ती म्हणाली. दारापर्यंत जाऊन वळली. "जपून."

चार. रक्त थांबेना, तर आधी गोळी काढावी, मग माझ्याकडे पाहावे. धातूच्या चिमट्याने धरू नये. बंदुकीच्या नळीने तिच्या अंगावर ओढलेल्या रेघा बिघडतील, आणि कोणत्या रायफलीची ते त्या रेघाच सांगणार. चिमट्याला रबर लावावे. गोळी न्यायालयात द्यावी. वस्तू मूळची खाणमालकाची आहे हे मला मान्य आहे; त्याला ती तिथे खुशाल ओळखू द्यावी.

पाच. मी मेलो तर बातमीत 'वीरगती' लिहू नये. संपादकांना मोह होईल.

रुग्णालय, खाट नऊ. ११ मार्च, दुपारी चार.
लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार: बंदूक मिस्त्री (सही)

साक्षीदार: शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर (सही). सही माझ्यासमोर झाली, इतकेच. रबर लावलेला चिमटा ठेवला आहे. आधी गोळी की आधी माणूस, ते मी ठरवीन.