वन्संनी पाठवलेल्या दोन पुड्या

ती. वन्संना,

वाकून नमस्कार. (पत्रात वाकायला कंबर दुखत नाही, म्हणून पुरते वाकून.) तुमचे गुडघे आता बरे असतील, आणि डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तुम्ही करत नसाल, असे दोन्ही धरून चालते. इकडे तुमच्या भावाचे वजन वाढले आहे आणि कुरकुरही वाढली आहे. म्हणजे तब्येत सुधारते आहे.

रविवारी तुम्ही बटाटे काढायला येणार, म्हणून आधी थोडे कानावर घालते. तुम्ही दोन पुड्या पाठवल्यात, बटाट्याचे बी ह्यांना आणि टोमॅटोचे मला. बटाट्याला फळ धरते व त्यात बी असते, एवढे वनस्पतिशास्त्र मी कॉलेजात शिकले होते. पण फोडी पुरून बटाटे मिळत असताना बियांच्या नादी कोण लागतो? तुमचे बंधू लागले. बियांपासून आलेल्या प्रत्येक झाडाचा बटाटा वेगळा, कदाचित कुणीच कधी न पाहिलेला, असे तुमच्या चिठ्ठीत वाचले मात्र, आणि आजारपणापासून खिडकीकडे पाठ करून बसलेला माणूस उठला. त्याआधी मी एकच वाक्य ऐकत होते, "माझ्या हातून आता काही व्हायचं नाही." उठून त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीत माझ्या ट्रेशेजारी आपला ट्रे मांडला आणि चमच्याने पाणी घालू लागले. नव्या जातीला तुमचे नाव द्यायचेही ठरले. (माझे नाव दुसऱ्या झाडाला आहे.)

मध्ये एकदा मी खिडकी पुसली. पुसावीच लागते, हे माती सांडतात आणि वर ती तिथेच हवी होती असा चेहरा करतात. ट्रे उचलले, खिडकी लख्ख केली, ट्रे परत जागेवर ठेवले. वस्तू जागेवर ठेवण्यात मी चुकत नाही, हे तुम्ही जाणताच. मात्र बटाटा आणि टोमॅटो एकाच कुळातले, आणि कोवळी रोपे सख्ख्या बहिणींसारखी दिसतात.

पुढे अंगणात दोन वाफे झाले. आयुष्यभर नकाशे काढलेला माणूस, त्यांनी दोरी ताणून आणि पट्टी लावून आपला आखला. मी माझी रोपे काठ्यांना बांधून शेंडे खुडत होते, ते आपल्या रोपांना गळ्यापर्यंत माती चढवत होते. मी म्हणायचे, जिवंत पुरताय बिचाऱ्यांना. ते म्हणायचे, तुझी सारखी लोळतायत, त्यांना जरा पडू दे की. (आजारपणात मी ह्यांना दंडाला धरून उभे करत असे, त्याचा हा सूड होता.) मग त्यांच्या झाडांना पिवळी फुले आली आणि माझ्या झाडांना पांढरी. मी वनस्पतिशास्त्र विसरले आहे, पण इतके नाही. माझ्या एका झाडाच्या बुडाशी बोट खुपसले, तर आत गोटीएवढा जांभळा बटाटा. मुकाट्याने माती सारखी केली.

तेव्हाच सांगायला हवे होते. पण त्याच सकाळी हे बूट घालून, काठी न घेता वाफ्यापर्यंत गेले आणि म्हणाले, "या खेपेला काहीतरी जमतंय बघ मला." तेव्हापासून हे उठायच्या आत मी त्यांच्या झाडांवरचे टोमॅटो हिरवे असतानाच तोडते. माझ्या स्वेटरांच्या कपाटात ते पिकतात. ताटात वाढले की सांगते, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडचे. ह्यांनी त्या भाजीवाल्याची दोनदा तारीफ केली. खोटे बोलणाऱ्या माणसाला मी आजवर दारात उभे केले नाही; आता स्वतःला कुठे उभे करावे कळत नाही, आणि स्वेटरांना वास येतो तो वेगळाच.

लहानांना जवळ घ्या, मोठ्यांना वेळेवर झोपायला सांगा.

तुमची (आज्ञाधारक कधीच नसलेली)
भावजय

ता. क. येताना जुने बूट आणा. वाफे ओले आहेत.

पुन्हा ता. क. रविवारी ह्यांनी कुदळ मारायच्या आत, पुड्यांवरची नावे तुम्हीच उलटसुलट लिहिली होती असे म्हणाल का? म्हणजे ह्यांचे बटाटे माझ्या वाफ्यात सुखरूप आहेत हे कळेल, ह्यांच्या हातून काही बिघडले नाही हेही कळेल, आणि माझ्या हातून तर काही बिघडतच नाही. तुम्ही थोरल्या, तुम्हाला काही बोलणार नाहीत. मला मात्र जन्मभर खिडकी पुसताना ऐकवतील.

ताई, ही पाकिटाला लावायला डिंक शोधायला गेलीये तेवढ्यात लिहितो. पिवळी फुलं मलाही दिसतात. भाजीवाला दुकान बंद करून लेकीकडे गेलाय, त्याला महिना झाला. पण आजारपणापासून ही माझ्याकडे थर्मामीटरकडे बघावं तशी बघायची. हल्ली पहाटे पदराखाली टोमॅटो लपवून आत येते तेव्हा गुणगुणत असते. म्हणून माती चढवत राहिलो. तू ती म्हणते तसंच बोल. पत्र पेटीत टाकायला मीच निघालोय, काठी घरी ठेवून. रविवारी तुझ्यावर चांगला रागावणार आहे, मनावर घेऊ नकोस.