माह्या मातीतल्या सत्तावीस बोऱ्या

१९ मे, सकाळ
शीलानं, माह्या सुनेनं, कुदळ लपवून ठेवलती. सूनबाई म्हणते, सात जागची माती काढा, मिसळा, मंग त्यातली अर्धा किलो तपासायले पाठवा. तिच्या सांगण्याले राम राम. कुदळ भेटली, गव्हाच्या कोठीमागं. पाव्हणे पाहाले येणार तं पोरीले फाटकं लुगडं कोण नेसवते? म्या जुन्या उकिरड्याच्या जागची काळीभोर माती भरली. शीला आडवी आली. कुदळीचा दांडा तिच्या पायाच्या नळीवर बसला. म्याच बसवला.

१२ जून
माती तपासणीचं कार्ड आलं. नत्र हेक्टरी ६१२ किलो. वावर पाच एकर, म्हणजे दोन हेक्टर. झालं १२२४. युरियाच्या बोरीत ४५ किलो. भागाकार केला. सत्तावीस बोऱ्या मातीत अगोदरच हायेत! दुसरी पास हाय मी. रजतले, पोराले, ट्रकवर फोन लावला. तो म्हणे, माय, यंदा तुह्या मनानं कर. कापसाची पऱ्हाटी बिघडली तं वावर शीला पाह्यन.

१४ जुलै
शीलानं युरियाची बोरी आणली. विळ्यानं पोट फाडलं. बोरीचं. पुढचा नंबर तुहा, असं शीलाले सांगतलं.

९ ऑगस्ट
पऱ्हाटी पिवळी. पाणी लागलं असन.

२१ ऑगस्ट
अजून पिवळी. धुऱ्यापलीकडं, बांधाच्या तिकडं, मारोती भावजीची, माह्या चुलत दिराची, हिरवीगार. समजलं. पावसाच्या पाण्यासंगं माह्या सत्तावीस बोऱ्या त्याच्या वावरात गेल्या.

२२ ऑगस्ट, दुपार
चांगल्या शब्दात इचारलं, चोट्टा, माही माती काहून खाल्ली. भावजी हासला. म्हणे, "वहिनी, म्या युरिया टाकला. तुमी कार्ड टाकलं."
बैलगाडीची उभारी, लाकडी दांडा, त्याच्या डोक्यात घातली. दुसरी खांद्यावर. रगत त्याच्याच वावरात सांडलं, तेवढंही खत त्यालेच. उमरखेडच्या दवाखान्यात नेलं. पाच टाके. म्या धा धरले होते.

३० ऑगस्ट
शीलानं सात जागची माती तपासून आणली. नत्र १४०. म्हणजे ४७२ भावजीनंच नेलं, हिशेब साफ हाय. कृषी सहायक पोरगी, निकिता, म्हणे, आजी, उकिरडा सोडला तं तुमचं सारं वावर पहिल्यापासून असंच हाय.
तिच्या अंगावर चप्पल फेकली. लागली नाई.
रजतचा फोन आला. वावर शीलाच्या हाती.
उद्या पोलीस जमादार येणार हाय. जवाब शीलानं द्यायचा. वावर तिचं, तं धुऱ्यावरचं भांडणही तिचंच. मले कमी ऐकू येते, हेही तिनंच सांगायचं.