कोंबड्यांचा काही दोष नाही

आटगाव,
१४ ऑक्टोबर २०२४

ती. मैनाताईस,
धाकट्या प्रेमाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही सगळे खुशाल आहोत. फोनच करणार होते, पण आमचं घर केवढं ते तुला ठाऊक आहे. ओटीवर बोललेलं स्वयंपाकघरात ऐकू येतं, आणि जे सांगायचंय ते सूनबाईच्या कानावर इतक्यात जायला नको. शिवाय टोकावड्याला तुझ्या घरात रेंज हवी तर पत्र्यावर चढावं लागतं. या वयात ते शोभणार नाही.

रुचिता एक तारखेपासून तलाठी म्हणून रुजू झाली. तिसऱ्या खेपेला परीक्षा पास झालेली पोर! उंबरमाळीच्या बाजूच्या गावांचा सजा मिळालाय, स्कूटरने जाते. स्वरूप सकाळीच ठाण्याला कामावर निघतो, म्हणजे जनी दिवसभर माझ्याकडे आणि ह्यांच्याकडे. आता नऊ महिन्यांची झाली. खाली दोन दात आलेत आणि ते ती आमच्यावरच वापरून बघते.

आमची युक्ती ऐक. पावणेनऊ वाजले की हे जनीला कडेवर घेऊन मागीलदारी कोंबड्या दाखवायला नेतात. तेवढ्यात रुचिता चपला हातात घेऊन पुढच्या दाराने सटकते. पिशवी मी आधीच कुंपणावरून शेजारच्या निर्मलाकडे दिलेली असते. स्कूटर ढकलत कोपऱ्यापर्यंत न्यायची आणि तिथे सुरू करायची. निर्मला पाळत ठेवते आणि हात हलवून खूण करते. पहिले आठ दिवस पोरीला पत्ताही लागला नाही, मजेत पेज खाऊन खेळत बसायची. मला तर माझाच अभिमान वाटला.

पण चार दिवसांपासून नवीनच खूळ. जनी कोंबड्यांना घाबरायला लागलीय. ज्या कोंबड्या बघून खिदळायची, त्या दिसल्या की ओठ काढते आणि असा टाहो फोडते की बघवत नाही. संध्याकाळी आई आली की तिला अशी चिकटते की रुचिताला मोरीचं दार लावून अंघोळही करता येत नाही. निर्मलाचं म्हणणं, नजर लागलीय, दुसरं काय नाय. मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या. हे तर म्हणतात, कोंबड्याच विकून टाकू. चांगल्या अंड्यावरच्या आहेत गं. तू बत्तीस वर्षं अंगणवाडी चालवलीस, तूच सांग काय करू.

लोभ आहेच, तो जनीच्या दातांइतक्या वेगाने वाढावा.

तुझी,
प्रेमा


टोकावडे,
१७ ऑक्टोबर

चि. सौ. प्रेमास,
मैनाताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसण्यासाठी, दुसऱ्यांदा विचार करण्यासाठी. कमळाकररावांना माझा निरोप दे की कोंबड्यांना हात लावायचा नाही.

मी सांगते तेवढं कर. येत्या नाहीतर त्याच्या पुढच्या रविवारी, रुचिता घरी असताना, तिच्याच कडेवर जनीला देऊन मागीलदारी पाठव. पोर रडते का बघ. दुसरं, जनीच्या देखत एक वाटी फडक्याखाली झाक आणि ती काय करते ते पाहा. मला खरं तेच कळव, आपल्या नातीच्या कौतुकाची फोडणी नको. आमच्या रजिस्टरात अशा फोडण्या फार असायच्या, म्हणून सांगते.

इकडे भातकापणी सुरू आहे, माझी कंबर तक्रार करतेय आणि मी ऐकत नाहीये. सर्वांना आठवण सांग, आणि आठवण ठेव.

तुझी,
ताई


आटगाव,
२९ ऑक्टोबर

ती. मैनाताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोडणी न घालता लिहिते. रविवारी रुचिताच्या कडेवरून जनीने कोंबड्यांना तांदूळ टाकले, टाळ्या वाजवल्या, एकीची शेपटीही ओढली. भीती नावाला नव्हती. वाटीवरचं फडकं तिने ओढून काढलं. पुन्हा झाकली, पुन्हा काढलं. सातव्यांदा मीच कंटाळले. आणि सोमवारी सकाळी हे तिला मागीलदारी न्यायला लागल्याबरोबर तोच टाहो.

पण ताई, हसायचं बाजूला राहिलं. सोमवारी रुचिता फाटकातून बाहेर पडता पडता मागे वळली. उघड्या दारांतून आरपार दिसलं, आजोबांच्या खांद्यावरून जनी कोंबड्यांकडे बघतच नव्हती, पुढच्या दाराकडे बघत होती. रुचिता ओटीवर येऊन मटकन बसली आणि रडली. माझ्यामुळे पोरीची अशी दशा होते, मला नको ही नोकरी, असं म्हणाली. त्याच दिवशी तिने राजीनामा लिहिला. दिवाळीनंतरच्या सोमवारी देणार आहे. स्वरूप म्हणतो, तुझी इच्छा.

मला काय वाटतं ते तुलाच लिहू शकते. तुझ्याबरोबर माझीही अंगणवाडीची नेमणूक आली होती, आठवतं? स्वरूप असाच रडायचा म्हणून मी चौथ्या दिवशी घरी बसले. सगळ्यांनी चांगली आई म्हणून वाखाणलं. पण टोकावड्याला आले की तुझ्या अंगणवाडीवरून जाताना पोरांचा गलका ऐकू आला की मी पाय उचलून चालायचे. रुचिताचं असं होऊ नये, ताई. काहीतरी लवकर लिही.

तुझी,
प्रेमा


टोकावडे,
२ नोव्हेंबर

चि. सौ. प्रेमा आणि चि. सौ. रुचिता, दोघींना आशीर्वाद.

पोस्टाला दिवाळीची सुटी, म्हणून हे पत्र शेजारच्या संजूबरोबर धाडतेय. तो भाऊबिजेला खर्डीला निघालाय, वाटेत उतरून देईल. प्रेमा, हे रुचिताला वाचून दाखव. तिच्या पाठीमागे बोलणं पुरे झालं.

कोंबड्यांचा काही दोष नाही. जनीने तुमची चोरी पकडलीय. कोंबड्या दाखवायला नेलं की आई नाहीशी होते, हे त्या नऊ महिन्यांच्या पोरीने ताडलं, आणि तुम्ही तिघं मोठी माणसं मीठमोहऱ्या ओवाळत बसलात.

चार महिन्यांच्या बाळासमोर वाटी झाकली तर त्याच्या लेखी वाटी संपली. ते दुसरीकडे बघायला लागतं. आठ-नऊ महिन्यांच्या सुमारास डोक्यात नवीन काहीतरी जुळतं आणि त्याला कळतं की न दिसणारी वस्तूही कुठेतरी असते. वाटीचं जे, तेच आईचं. रुचिता, तू नसताना तू कुठेतरी आहेस हे जनीला आत्ता कळायला लागलंय, म्हणून ती रडते. तिचं काही बिघडलेलं नाही, उलट घडतंय. तू परत कधी येणार, एवढं मात्र अजून कळत नाही. ते रोज जाऊन आणि रोज परत येऊनच शिकवावं लागतं. घरी बसून ते शिकवता येत नाही.

लपून जाण्याने काय होतं सांगू? आई कुठल्या क्षणी गायब होईल याचा नेम नाही, म्हणून लेकराला दिवसभर पहारा करावा लागतो. मोरीच्या दारापाशीसुद्धा. मीही पहिल्या वर्षी आयांना मागच्या दाराने पळवायची. रंगू म्हणून एक मुलगी होती. महिनाभर ती खेळलीच नाही, दाराकडे तोंड करून बसायची. तिने मला जे शिकवलं ते कुठल्या प्रशिक्षणात मिळालं नाही.

तेव्हा चपला पायात घाल. स्कूटर अंगणात सुरू कर. जनीच्या तोंडाकडे बघून येते म्हण आणि पुढच्या दाराने जा. आपल्याकडे बोहारीणसुद्धा येते म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही, आणि तुम्ही घरच्या आईला चोरासारखी पाठवता! जनी रडेल. रडू दे. प्रेमाने तिला जवळ घ्यावं, कोंबड्या दाखवू नयेत. आणि संध्याकाळी आलीस की हातपाय धुऊन आधी तिच्याकडे. मधल्या वेळात पदराआड तोंड लपवून कुकूऽ भोक भरपूर खेळा. राजीनामा महिनाभर थांबेल, कागदाला भूक लागत नाही.

प्रेमा, तुझ्या वेळी मी हे तुला सांगू शकले नाही, कारण तेव्हा मलाच ठाऊक नव्हतं. ते मला लागून राहिलंय. सोबत धाडलेल्या फराळातल्या चकल्या कडक झाल्यात, दात सांभाळा.

तुमची,
मैना


आटगाव,
२४ नोव्हेंबर

ती. मैनामावशींना,
रुचिताचा शि. सा. नमस्कार.

सासूबाई म्हणाल्या, या वेळी तूच लिही. पहिल्या दिवशी तुम्ही सांगितलं तसं समोरून निघाले. जनीने असा गळा काढला की निम्मी आळी बाहेर आली. निर्मलाकाकू तर मला म्हणाल्या, काय आई हाय का कोण हाय ही! मी खर्डीपर्यंत हेल्मेटमध्ये रडत होते, काचेवर इतकी वाफ धरली की दोनदा थांबून पुसावी लागली. दिवसभर सातबारे चुकत होते. संध्याकाळी आले तर पोरगी दारातच, आजोबांच्या कडेवर. माझ्याकडे बघून आधी हसली आणि मग तक्रार केल्यासारखं रडली.

असे अकरा दिवस गेले. रोज वाटायचं, उद्या नाही जायचं. सासूबाई रोज डबा भरून हातात द्यायच्या. बाराव्या दिवशी जनी थोडीशीच मुसमुसली. आता स्कूटर वळणाआड जाईपर्यंत टक लावून बघते, आणि मग स्वतःच आजोबांना मागीलदारी चल म्हणून खुणावते. काल मी मोरीचं दार लावून निवांत अंघोळ केली. दीड महिन्यातली पहिली.

राजीनाम्याचा कागद फाडायला म्हणून शोधला तर सापडेना. खुराड्यात अंडी बघायला गेले, तर खुडूक कोंबडी त्यावर बसलीय. कोणी अंथरला म्हणून विचारलं, तर सासूबाई भाजी चिरत राहिल्या. मावशी, त्यांच्याबद्दल तुम्हाला वेगळं काय सांगू, तुमच्याच बहीण आहेत.

असाच जीव लावत राहा.

तुमची,
रुचिता


आटगाव,
१९ मार्च २०२५

ती. मैनाताईस,
शि. सा. न. वि. वि.

त्या खुडूक कोंबडीच्या अंड्यांतून निघालेली सात पिल्लं आता चांगली मोठी झालीत. सरकारी कागदावर उबवलेली म्हणून हे त्यांना तलाठ्याची पिल्लं म्हणतात.

जनी चौदा महिन्यांची झाली, चालते, म्हणजे पडत नाही तेवढा वेळ चालते. परवा रविवार नसूनही घरात सुटीसारखा हशा झाला, तो सांगते. दुपारी मी तांदूळ निवडत होते. जनीने आजोबांच्या वहाणांत पाय घातले, माझी बाजाराची पिशवी ओढत उंबऱ्यापाशी गेली, मागे वळली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि येते म्हणाली. शब्द अर्धामुर्धाच होता, पण तोच होता. मग अंगणात पिल्लांपर्यंत गेली आणि लगेच परत येऊन डोकावली, मी आहे ना ते बघायला. मी होते. असं ती पाच वेळा गेली आणि पाच वेळा आली. मी रडले नाही. हे म्हणतात, रडलीस.

तेव्हापासून एक विचार डोक्यात घोळतोय. स्वरूपला मी असं कधी येते म्हटलंच नाही, कारण नोकरी सोडल्यावर मी कुठे गेलेच नाही. म्हणून ठरवलंय, पुढच्या शनिवारी तुझ्याकडे येते, चांगले चार दिवस. स्वरूपने दोन दिवस रजा टाकलीय, बाकी हे आहेत. तुझ्या अंगणवाडीत मला एक सकाळ बसायचंय. नुसतं बसायचंय, नवीन बाईंना विचारून ठेव.

निघताना जनीला समोर घेऊन, तुझ्या पद्धतीने, सांगून येणार आहे. ती रडली तर रडू दे, हे तू आधीच शिकवलंयस. पण ताई, ती रडलीच नाही तर मी काय करायचं, ते मात्र शनिवारच्या आत कळव.

तुझी,
प्रेमा